वास्तुविशारद : नकाशापलीकडच्या सेवा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचा प्रत्यय बँकेच्या गृहकर्ज विभागात बसणाऱ्यांना जितका येतो, तितका क्वचितच अन्य कोणाला येत असेल. अर्जदाराच्या हाती जमिनीची कागदपत्रे असतात, उत्पन्नाचे दाखले असतात आणि गुंडाळी केलेला एक नकाशा असतो. ‘नकाशा कोणाकडून करून घेतला?’ असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, ‘कंत्राटदारानेच आणून दिला. वास्तुविशारदाची त्यावर फक्त सही आहे.’

ही ‘फक्त सही’ ग्राहकाला किती महाग पडू शकते, याची कल्पना त्या वेळी कोणालाच नसते. वास्तुविशारद म्हणजे नकाशा काढून महापालिकेत सादर करणारा माणूस, एवढीच आपली समजूत असते. वस्तुतः नकाशा हा त्याच्या कामाचा आरंभीचा भाग. जागा निवडण्यापासून भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी इमारत जीर्ण झाल्यावरही त्याच्या सेवांची गरज पडते. या सेवा कोणत्या, त्यांपैकी आपल्याला कोणत्या हव्यात आणि त्या न घेतल्यास काय ओढवते, हे समजून घेण्यासाठी आपण या लेखात कोलकात्यातील एका वस्तीचा आधार घेऊ. ती वस्ती म्हणजे खिदिरपूर.

एका वस्तीत अडीच शतके

कोलकात्यात बदलीच्या निमित्ताने राहिलेल्या सहकाऱ्यांना खिदिरपूर परिचित असेल. रेसकोर्सच्या दक्षिणेस आदिगंगेचा, म्हणजेच टॉलीच्या नाल्याचा पूल ओलांडला की ही दाट वस्ती सुरू होते. पश्चिमेला हुगळी नदी आणि १८९२ मध्ये सुरू झालेली खिदिरपूर गोदी. गोदीच्या आश्रयाने वाढलेले कामगार, व्यापारी आणि खलाशी यांचे मोहल्ले. विजेच्या वस्तूंपासून कापडापर्यंत सर्व काही मिळणारे फॅन्सी मार्केट. भूकैलास येथे जयनारायण घोषाल यांनी १७८१ मध्ये उभारलेली दोन शिवमंदिरे. डायमंड हार्बर रस्त्यावरील एकोणिसाव्या शतकातील सेंट स्टीफन्स चर्च. आणि या सर्वांच्या अधल्यामधल्या जागेत चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या नव्या इमारती.

एवढ्या थोड्या क्षेत्रात मंदिर, गोदी, बाजार, चाळवजा घरे आणि नव्या सदनिका एकत्र नांदत असल्याने वास्तुविशारदाची जवळजवळ प्रत्येक सेवा येथे कोठे ना कोठे लागते. ती मिळाली नाही तर काय घडते, हेही या परिसराने अलीकडे फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

वास्तुविशारद कोणाला म्हणावे?

प्रथम व्याख्या स्पष्ट करून घेऊ. आपल्या देशात वास्तुविशारदांचा व्यवसाय १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने नियमित केलेला आहे. या कायद्याखाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे ज्याची नोंदणी झाली आहे, त्यालाच ‘आर्किटेक्ट’ ही संज्ञा आपल्या नावापुढे लावता येते. पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि त्यातील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण ही त्यासाठीची नेहमीची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या एका निर्णयात असे स्पष्ट केले की, हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या संज्ञेच्या वापरावर बंधन घालतो. इमारतींची आखणी करण्याचे काम इतरांना सर्वस्वी वर्ज्य करीत नाही. म्हणूनच समोरची व्यक्ती नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे तपासण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होणारा आणि नोंदणीचे वर्ष दर्शविणारा क्रमांक विचारावा व तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. यास दोन मिनिटे पुरतात.

वास्तुविशारद आणि स्थापत्य अभियंता यांतही आपण गल्लत करतो. माणसाच्या वावराला, उजेडाला, हवेला, पाण्याला आणि सौंदर्याला सामावून घेणारी रचना वास्तुविशारद ठरवितो. त्या रचनेचा भार पेलणारे पाये, खांब आणि तुळया किती जाडीच्या, किती लोखंडाच्या हव्यात, याचे गणित संरचना अभियंता करतो. आपल्याकडे त्याला सर्रास ‘आर.सी.सी. सल्लागार’ म्हणतात. कोलकाता महापालिकेच्या पद्धतीत तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक इमारत सर्वेक्षक, संरचना अभियंता आणि जमिनीची तपासणी करणारा भूतंत्रज्ञ अशा भूमिका वेगवेगळ्या मानलेल्या आहेत. या सर्वांचा मेळ घालणे ही वास्तुविशारदाची एक महत्त्वाची, परंतु डोळ्यांना न दिसणारी सेवा होय.

महाराष्ट्रातील वाचकांना एक गोष्ट जाणून आनंद वाटेल. भारतीय वास्तुविशारदांची देशव्यापी संस्था म्हणून आज ओळखली जाणारी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ मुळात मुंबईतील सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या मंडळातून उदयास आली. १९२९ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

पहिली सेवा : जमीन ऐकणे

चांगला वास्तुविशारद पहिल्या भेटीत कागद-पेन्सिल काढत नाही, तो प्रश्न विचारतो. घरात माणसे किती? वृद्ध किती? पुढील पंधरा वर्षांत कुटुंब वाढणार की मुले बाहेरगावी जाणार? तळमजल्यावर दुकान हवे आहे काय? हाती रक्कम किती, कर्ज किती, आणि हप्ता किती झेपेल? या उत्तरांतून जे टिपण तयार होते, तो पुढील सर्व कामाचा पाया असतो. तिसऱ्या मजल्याची हौस आणि खिशातील पैसा यांची सांगड बसत नसेल, तर ते कागदावरच सांगून टाकणे हीसुद्धा एक सेवाच आहे.

दुसरा प्रश्न जमिनीला विचारायचा असतो. खिदिरपूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कोलकाता गंगेच्या गाळावर वसलेले आहे. शहराच्या बऱ्याच भागात वरच्या थरांत मऊ चिकणमाती असून तिच्यात कुजलेल्या लाकडाचे अवशेषही सापडतात. आदिगंगेच्या जुन्या पात्रालगत मात्र वाळूमिश्रित गाळाचे थर आढळतात. म्हणजे दोन रस्त्यांच्या अंतरावर जमिनीचा स्वभाव बदलू शकतो. शेजाऱ्याच्या इमारतीला जो पाया पुरला, तो आपल्याला पुरेलच असे नाही. एखाद्या भूखंडाच्या जागी पूर्वी तळे असेल आणि ते राडारोड्याने बुजविलेले असेल, तर धोका अधिकच वाढतो. म्हणून आराखड्यापूर्वी मातीपरीक्षण करून घेण्याचा आग्रह वास्तुविशारदाने धरला, तर तो खर्च वाढवीत आहे असे समजू नये. आपल्याकडे कोकणच्या खाडीकाठची भरावाची जमीन असो वा विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती असो, हाच नियम तेथेही लागू पडतो.

कामाचे सात टप्पे

वास्तुकला परिषदेने व्यवसायाच्या ज्या अटी आखून दिल्या आहेत, त्यांत वास्तुविशारदाच्या कामाचे साधारण सात टप्पे मानले आहेत.

पहिल्या टप्प्यात संकल्पना तयार होते. ग्राहकाच्या गरजा आणि जागेचा अभ्यास यांवरून एक-दोन पर्यायी मांडण्या आणि ढोबळ खर्च समोर ठेवला जातो. दुसऱ्या टप्प्यात पसंत पडलेल्या मांडणीत सुधारणा होऊन प्राथमिक आराखडा आणि त्याचे अंदाजपत्रक येते. तिसऱ्या टप्प्यात महापालिका, अग्निशमन दल आदींच्या परवानग्यांसाठी लागणारे नकाशे सिद्ध होतात. आपण सामान्यतः ज्याला ‘नकाशा’ म्हणतो, तो हाच. सातांपैकी केवळ तिसरा टप्पा!

चौथा टप्पा प्रत्यक्ष कामाच्या तपशीलवार रेखाटनांचा आणि निविदेच्या कागदपत्रांचा. खिडकीचा छज्जा किती पुढे यावा, स्नानगृहाचा उतार कोणत्या बाजूला असावा, गच्चीवरील जलरोधक थर भिंतीवर किती उंच चढवावा, असे शेकडो तपशील येथे ठरतात. सिमेंट कोणत्या प्रतीचे, फरशी कोणती, रंगाचे हात किती, हेही लिहिले जाते. हा टप्पा गाळला की पुढचे सारे निर्णय मिस्त्रीच्या मर्जीवर सोपवावे लागतात. पाचव्या टप्प्यात कंत्राटदार निवडला जातो. तपशील लेखी असल्याने तीन कंत्राटदारांचे दर एकाच मापाने तोलता येतात. एरवी सर्वांत कमी दर देणारा नेमके काय गाळणार आहे, हे काम सुरू झाल्यावरच कळते.

सहावा टप्पा बांधकामाचा आणि सातवा पूर्णत्वाचा. पूर्णत्वानंतर वास्तुविशारदाने प्रत्यक्ष जसे बांधकाम झाले तसे दाखविणारी रेखाटने ग्राहकाच्या स्वाधीन करावयाची असतात. पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा भिंतीत कोठून गेल्या आहेत, हे त्यांत नोंदलेले असते. दहा वर्षांनी भिंतीला ओल आली की या कागदांचे मोल कळते. भिंत फोडत बसण्याऐवजी नेमक्या जागी हात घालता येतो.

कागदावरील खिडकी खोडरबराने हलविता येते. भिंत उभी राहिल्यावर तीच खिडकी हलवायची तर छिन्नी-हातोडा लागतो. पहिल्या चार टप्प्यांत दिलेल्या वेळेचे सार्थक यातच आहे. उदाहरणादाखल समजा, २० लाख रुपये कर्ज उचलले गेले असून व्याजाचा दर द.सा.द.शे. ९ आहे. अपुऱ्या रेखाटनांमुळे काम सहा महिने रखडले, तर केवळ व्याजापोटी ९० हजार रुपये जातील. तेवढ्या काळाचे घरभाडे त्याहून निराळे.

देखरेख : जेथे जीव गुंतलेला असतो

१७ मार्च २०२४ च्या मध्यरात्री खिदिरपूरला लागून असलेल्या गार्डन रीच भागात बांधकाम चालू असलेली एक पाच मजली इमारत शेजारच्या घरांवर कोसळली. त्या घरांतील माणसे झोपेत होती. दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले. ही इमारत विनापरवाना उभी राहत होती, असे शहराच्या महापौरांनीच सांगितले. ज्यांचा त्या बांधकामाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा शेजाऱ्यांनी त्याची किंमत मोजली.

परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारतीचा अर्थ केवळ ‘शुल्क भरले नाही’ एवढाच नसतो. परवानगीच्या वाटेवर वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि भूतंत्रज्ञ अशा तज्ज्ञांना आपापल्या नावाने उत्तरदायित्व स्वीकारावे लागते. ती वाटच टाळली, की जमीन कोणी तपासली आणि खांबांचे गणित कोणी केले, या प्रश्नांना उत्तर देणारा माणूसच उरत नाही. अशा इमारतीतील सदनिका स्वस्त मिळते खरी. परंतु त्या स्वस्ताईत या माणसांच्या अनुपस्थितीची किंमत लपलेली असते.

मंजूर नकाशा असूनही देखरेख सोडता येत नाही. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वास्तुविशारदाच्या नेहमीच्या सेवेत बांधकामाची ठरावीक काळाने केलेली पाहणी अंतर्भूत असते. रेखाटनांचा अर्थ स्पष्ट करणे, काम कराराप्रमाणे चालले आहे ना हे पाहणे, त्रुटी लेखी कळविणे ही त्याची कामे. स्लॅब भरताना दिवसभर उभे राहून लोखंड मोजणे, काँक्रीटचे प्रमाण तपासणे, पाणी मारले की नाही याची नोंद ठेवणे ही रोजची देखरेख मात्र जागेवरील अभियंत्याची असते. त्याची नेमणूक आणि त्याचे वेतन वेगळे ठरवावे लागते. ‘वास्तुविशारद आहे, तो पाहील’ आणि ‘कंत्राटदार आहे, तो पाहील’ या दोन समजुतींच्या फटीतच बहुतेक निकृष्ट बांधकामे जन्माला येतात. म्हणून पाया, जोते आणि प्रत्येक स्लॅब यांच्या वेळी कोण हजर राहणार, हे करारातच लिहून घ्यावे.

पाणी, वीज आणि आग

इमारत म्हणजे विटा आणि काँक्रीट नव्हे. तिच्या अंगात पाण्याच्या, मलनिःसारणाच्या आणि विजेच्या वाहिन्या खेळत असतात. मोठ्या इमारतीत उद्वाहन, वातानुकूलन, अग्निसूचक आणि अग्निशामक यंत्रणा यांची भर पडते. या सर्वांची आखणी तज्ज्ञ सल्लागारांकडून करवून घेऊन ती मूळ रचनेत बसविणे, हा वास्तुविशारदाच्या परिपूर्ण सेवेचा भाग आहे.

२२-२३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कोलकात्यात सुमारे २५० मिलीमीटर पाऊस कोसळला. शहर जलमय झाले आणि विजेचा धक्का बसून अनेक जण दगावले. सखल भागातील इमारतीत विजेचे मीटर आणि मुख्य फलक तळमजल्यावर गुडघाभर उंचीवर बसवायचे की पुराच्या पातळीच्या वर न्यायचे, हा निर्णय आराखड्याच्या वेळी घेतला तर त्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. जोत्याची उंची, पाण्याच्या पंपाची जागा, भूमिगत टाकीचे झाकण या गोष्टीही तशाच. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस आठवणाऱ्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.

आगीचेही तसेच आहे. १५ जून २०२५ ची रात्र उलटत असताना खिदिरपूरच्या ऑर्फनगंज बाजाराला भीषण आग लागली. अग्निशमन दलाच्या वीसहून अधिक गाड्या झुंजत असतानाही सुमारे तेराशे दुकाने भस्मसात झाल्याचे सांगण्यात आले. एका रात्रीत शेकडो कुटुंबांचे भांडवल गेले. त्यांतील कित्येकांच्या मालावर कोणाचे ना कोणाचे कर्ज असणारच. अशा जुन्या बाजारांचा प्रश्न एकेका दुकानदाराने सोडविण्यासारखा नसतो. बंब आत जाण्याइतका रस्ता, दुकानांच्या ओळींमध्ये आग अडविणाऱ्या भिंती, पाण्याचा राखीव साठा, विजेच्या तारांची शिस्तबद्ध मांडणी आणि व्यापाऱ्यांचा धंदा फार काळ बंद न ठेवता टप्प्याटप्प्याने पुनर्बांधणी, या सर्वांचा एकत्रित आराखडा लागतो. असा आराखडा करणे हीसुद्धा वास्तुविशारदाचीच सेवा आहे. व्यापारी संघटनांनी आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांनी ती आग लागण्यापूर्वी मागावी, हे उत्तम.

घराच्या किंवा दुकानाच्या अंतर्गत सजावटीतही हे भान हवे. २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्याच बडाबाजार भागातील एका हॉटेलला लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले; त्यांतील बहुतेकांचा अंत धुराने गुदमरून झाला. खिडक्या बुजविणे, जिन्याच्या वाटेत साहित्य रचणे, ज्वालाग्राही छत लावणे हे बदल किरकोळ वाटतात. अंतर्गत रचनेचे काम जाणत्या वास्तुविशारदाकडे असेल, तर रंगसंगतीबरोबर बाहेर पडण्याची वाटही तो पाहतो.

जुन्या वास्तूंचे वैद्य

नवे बांधणे हेच वास्तुविशारदाचे काम, असेही नाही. भूकैलासची मंदिरे बंगालच्या ‘आटचाला’ शैलीतील, म्हणजे झोपडीच्या उतरत्या छपराचे रूप विटांत उतरविणारी. अशा वास्तूची डागडुजी आजच्या सिमेंटने केली, तर अनेकदा लाभापेक्षा हानी अधिक होते. जुन्या विटा आणि चुना ओलावा शोषून पुन्हा बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा कठीण गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि विटा भुसभुशीत होऊन झडू लागतात. वारसा-संवर्धन ही त्यामुळे वास्तुविशारदांची एक स्वतंत्र शाखा बनली आहे. कोलकाता महापालिकेने वारसा-इमारतींची श्रेणीनिहाय यादी केलेली आहे, तशीच मुंबई-पुण्यातही आहे. आपली वडिलोपार्जित इमारत अशा यादीत असेल, तर तिच्यावर कर्ज घेण्यापूर्वी वा ती पाडण्याचा विचार करण्यापूर्वी संवर्धनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

वारसा नसलेल्या, परंतु थकलेल्या इमारतींचे बळकटीकरण ही आणखी एक सेवा. यात घाई किती अंगाशी येते, याचे उदाहरणही कोलकात्यानेच दिले. १४ जानेवारी २०२५ रोजी दक्षिणेकडील बाघाजतीन भागातील एक चार मजली इमारत उचलून सरळ करण्याचे काम चालू असतानाच एका बाजूला कलंडली. रहिवासी आधीच बाहेर पडलेले असल्याने जीवितहानी टळली. पण लोकांची आयुष्यभराची पुंजी पणाला लागली. इमारतीला तडे का गेले, ती का खचली, याचे निदान करणारा वेगळा आणि उपचार करणारा वेगळा असावा, हा वैद्यकातील शहाणपणा येथेही उपयोगी पडतो. संरचनात्मक तपासणीचा लेखी अहवाल हाती आल्याखेरीज कोणत्याही दुरुस्तीचा ठेका देऊ नये.

यांशिवाय परिसररचना, नामफलक व दिशादर्शक चिन्हे यांची आखणी, वसाहतींचे नियोजन अशा सेवाही वास्तुविशारद देतात. पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी कोलकात्यातील ‘उदयन’ या वसाहतीची रचना केली. निरनिराळ्या उत्पन्नगटांतील कुटुंबांना एकाच आवारात सामावून घेण्याचा तेथील प्रयत्न म्हणजे नुसत्या इमारतींपेक्षा शेजारधर्माची आखणी होय. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, ते अशाच कामांची दखल घेऊन.

बँक आणि वास्तुविशारद

आता आपल्या घरच्या विषयाकडे वळू. बँक गृहकर्जाची रक्कम एकदम हाती देत नाही. काम जसजसे पुढे सरकेल तसतशी टप्प्याटप्प्याने देते. जोते झाले, स्लॅब झाला, भिंती झाल्या, अशा प्रगतीचा दाखला त्यासाठी लागतो. अंदाजपत्रक वास्तवाला धरून असेल, तर कर्जाची रक्कम योग्य ठरते. ते फुगविलेले असेल तर ग्राहक नको इतका कर्जबाजारी होतो आणि कमी दाखविलेले असेल तर छप्पर पडण्यापूर्वीच पैसा संपतो. या दोन्ही संकटांपासून वाचविणारी पहिली व्यक्ती म्हणजे प्रामाणिक वास्तुविशारद. बँक आपल्या वतीने जे मूल्यांकन करवून घेते, ते बँकेच्या तारणासाठी असते. ग्राहकाच्या बांधकामाची गुणवत्ता तपासण्यासाठी ते नसते, हे ग्राहकांनी विसरू नये.

तयार होत असलेल्या प्रकल्पात सदनिका घेणाऱ्यांसाठीही वास्तुविशारदाची भूमिका मोलाची आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पाच्या विकसकाला ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. त्यातील पैसे काढताना काम किती टक्के झाले याला अनुसरून अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे आवश्यक असतात. म्हणजे ती एक सही आपल्या पैशाच्या तिजोरीची किल्ली असते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात संरचनात्मक दोष आढळला, तर तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारीही याच कायद्याने विकसकावर टाकलेली आहे.

शुल्क आणि करार

‘वास्तुविशारदाचे शुल्क परवडत नाही’ ही तक्रार नेहमीची. शुल्क बांधकामखर्चाच्या टक्केवारीने, क्षेत्रफळावर किंवा ठरावीक रकमेने आकारले जाते आणि वर सांगितलेल्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी द्यावयाचे असते. सर्वच सेवा घेतल्या पाहिजेत असे नाही. लहान घरासाठी संकल्पना, परवानगीचे नकाशे, कामाची रेखाटने आणि ठरावीक भेटी एवढेही पुरेसे ठरू शकते. मात्र कोणती सेवा घेतली आणि कोणती घेतली नाही, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. ग्राहकांनी पुढील बाबी लेखी करारात अवश्य पाहाव्यात :

१. सेवांची नावनिशीवार यादी आणि प्रत्येक टप्प्याचे शुल्क.
२. संरचना अभियंता व इतर सल्लागार कोण, आणि त्यांचे शुल्क कोणी द्यावयाचे.
३. जागेवरील भेटी किती, आणि कोणत्या कामाच्या वेळी.
४. रोजच्या देखरेखीसाठी कोणाची नेमणूक होणार.
५. मंजूर नकाशा, संरचनेची रेखाटने आणि प्रत्यक्ष बांधकामाची रेखाटने यांच्या प्रती ग्राहकाला केव्हा मिळणार.
६. काम मध्येच थांबल्यास वा वास्तुविशारद बदलल्यास काय करावयाचे.

कंत्राटदाराकडून किंवा साहित्यविक्रेत्याकडून दलाली न घेता केवळ ग्राहकाने दिलेल्या शुल्कावर काम करणे ही या व्यवसायाची रीत आहे. म्हणूनच नकाशा ‘फुकट’ मिळत असेल, तर त्याचे पैसे दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने वसूल होणार आहेत, असे खुशाल समजावे.

समारोप

खिदिरपुरातील भूकैलासची मंदिरे अडीच शतकांनंतरही उभी आहेत, आणि तेथून जवळच एक इमारत पूर्ण होण्यापूर्वीच माणसांच्या अंगावर कोसळली. या दोहोंमधले अंतर केवळ विटा-सिमेंटच्या दर्जाचे नाही. एकीमागे ती टिकावी अशी इच्छा बाळगणारे हात होते. दुसरीच्या बाबतीत उत्तर देण्यास कोणी पुढे आले नाही.

घर हे बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कर्ज आणि सर्वांत मोठी गुंतवणूक असते. कर्जाच्या करारावर सही करताना आपण प्रत्येक अट वाचतो, निदान वाचावी अशी बँकेची अपेक्षा असते. नकाशावर ज्याची सही आहे, त्या माणसाशीही एकदा समोरासमोर बसून बोलावे. त्याने आपली जागा पाहिली आहे काय, माती तपासली आहे काय, स्लॅबच्या दिवशी तो येणार आहे काय, हे त्याला विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर ते शुल्क खर्चाच्या रकान्यात न मांडता सुरक्षिततेच्या रकान्यात मांडावे.